नुसतं बरं वाटावं म्हणून

जुलै २०२१ मध्ये अभिनेत्री हेमांगी कवी यांनी पोळ्या लाटतानाचा एक व्हिडिओ टाकला. पोळ्यांबद्दल फारसं कुणी बोललं नाही. त्यांनी आत ब्रा घातलेली नाही, हे काही प्रेक्षकांच्या लक्षात आलं आणि शेरेबाजीला ऊत आला. कवी यांनी मग ‘बाई, बुब्स आणि ब्रा’ या शीर्षकाची पोस्ट लिहिली. ब्रा घालायची की नाही हे जिचं तिने ठरवावं, हे त्यांचं म्हणणं. पुढे कित्येक दिवस मराठी घराघरांत, बहुधा प्रथमच, या विषयावर मोठ्याने बोललं गेलं. अर्ध्या घरांत वाद झाला आणि उरलेल्या अर्ध्यांत टीव्हीचा आवाज वाढवला गेला.

या वादात एक गोष्ट चमत्कारिक होती. एखादी बाई व्रत म्हणून अन्न सोडते, तेव्हा कुणाला खटकत नाही. निषेध म्हणून काही सोडते, तेव्हा निदान तिच्याशी भांडता येतं. पण ‘टोचतं, घाम येतो, नको वाटतं’ एवढ्याच कारणासाठी तिने एक कपडा सोडला, तर त्या कारणावर कुणाचा विश्वास बसत नाही. लक्ष वेधायचं असेल, बंड करायचं असेल, तिकडच्या बायकांची नक्कल असेल, असं काहीतरी त्यामागे असलंच पाहिजे, हे आधीच ठरलेलं असतं. देहाला बरं वाटणं हे कारण पुरेसं आहे का? वरवर किरकोळ वाटणारा हा प्रश्न मुळात धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा आहे. स्त्रीच्या छातीवरच्या कपड्याबद्दल तर धर्मपरंपरांनी बरंच काही ठरवून ठेवलेलं आहे, आणि ते एकमेकांशी अजिबात जुळत नाही.

आधी आरोग्याचं उरकून घेऊ, कारण त्या बाबतीत दोन्ही बाजूंनी भीती विकली जाते. ब्रामुळे स्तनांचा कर्करोग होतो ही समजूत १९९५ च्या ‘ड्रेस्ड टू किल’ या पुस्तकाने जगभर पसरवली. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राने २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रजोनिवृत्तीनंतरच्या वयातल्या, कर्करोग झालेल्या १,०४४ आणि न झालेल्या ४६९ स्त्रियांना विचारलं होतं: दिवसाचे किती तास, कोणत्या वयापासून, तारेची की बिनतारेची? कशाचाच कर्करोगाशी संबंध दिसला नाही. दुसरी भीती आजीच्या तोंडची: नाही घातलीस तर ओघळतील. स्तनांना धरून ठेवणाऱ्या तंतूंना कूपरचे बंध म्हणतात, १८४० मध्ये स्तनांच्या रचनेवर ग्रंथ लिहिणाऱ्या अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदाच्या नावावरून. वय, गरोदरपणांची संख्या, धूम्रपान, वजनातले चढउतार यांनी स्तन सैल पडतात. ब्रा न घातल्याने ते पडतात, हे मात्र कुणी सिद्ध केलेलं नाही. फ्रान्समधल्या बेझांसोंचे डॉक्टर जाँ-दनी रुयों यांनी पंधरा वर्षं सुमारे ३३० तरुणींची मापं घेऊन २०१३ मध्ये उलटंच सांगितलं, की ब्राचा काही उपयोग नाही. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो मथळा उचलला. पण हा निष्कर्ष सगळ्या बायकांना लावू नका, असं रुयों स्वतःच बजावत होते, आणि ते मथळ्यात मावण्यासारखं नव्हतं.

मग उरतं काय? जे प्रत्येकीला ठाऊक आहे तेच. पावसाळ्यात ब्रा टॉवेलखाली किंवा परकराच्या आड वाळत घातली जाते, म्हणजे जिथे वारा नाही आणि ऊन तर नाहीच तिथे. सकाळी इलॅस्टिक अजून ओलसर असतं. तशीच ती अंगात चढते, आणि दुपारपर्यंत स्तनांखालच्या घडीत लाल, खाजरा पट्टा उमटतो. त्वचेचे डॉक्टर तो रोज पाहतात. खांद्यावर पट्ट्यांचे वळ उठतात, तारेचं टोक कापडातून बाहेर येऊन काखेखाली टोचतं. याउलट जिचे स्तन जड आहेत, किंवा जी धावते, तिला आधाराशिवाय खरोखर दुखतं. पोर्ट्समथ विद्यापीठात यावर वर्षानुवर्षं संशोधन चालू आहे, आणि धावताना स्तन वरखाली, आजूबाजूला आणि मागेपुढे असे तिन्ही दिशांना हलतात हे तिथे मोजलेलं आहे. तेव्हा ब्रा हा रोग नाही आणि औषधही नाही. न घालण्याचं खरं कारण बहुतेकींच्या बाबतीत एकच आहे, बरं वाटतं. त्या कारणाला वजन यावं म्हणून कर्करोगाची भीती उसनी आणायची गरज नाही. ती आणावीशी वाटते, यातच नुसत्या ‘बरं वाटण्या’ची पत किती कमी आहे ते दिसतं.

आता संस्कारांचं. महाराष्ट्रात ब्रा येण्याआधी चोळी होती. हूक नाही, बटण नाही, पुढच्या दोन टोकांची छातीखाली गाठ. नीट बेतलेली चोळी आधाराचं काम आपोआप करी, तिच्या आत दुसरं काही घालायची पद्धत नव्हती. आज आपण ज्याला आतला कपडा म्हणतो तो आजच्या अर्थाने आला न्यूयॉर्कहून. १९१४ मध्ये मेरी फेल्प्स जेकब या तरुणीला दोन रेशमी रुमाल आणि फीत जोडून केलेल्या ब्राचं पेटंट मिळालं. म्हणजे ज्याला संस्कृती म्हणून सांभाळायचं त्याचं वय जेमतेम एकशेदहा. असो.

चोळीला मात्र आपल्याकडे धर्माचं वजन होतं. देवीची ओटी भरायची तर खण-नारळाने, आणि खण म्हणजे चोळीचंच कापड. लेकीची पाठवणी साडीचोळीने. चोळी हे सौभाग्याचं लेणं. आणि म्हणूनच ते काढूनही घेतलं जाई. उच्चवर्णीय घरांत नवरा वारला की केशवपन होई, अंगावर तांबडं आलवण येई आणि चोळी जाई. बारा-चौदा वर्षांच्या मुलीने पुढचं सगळं आयुष्य सासरे, दीर, पुतणे, येणारेजाणारे यांच्यासमोर नुसत्या पदरावर काढायचं. पाणी शेंदताना, जातं ओढताना, वाढताना तो पदर सावरायचा. तिच्या लज्जेची काळजी त्या घरातल्या शास्त्रीबुवांना पडली नाही. चोळीशिवाय वावरणं हाच तिचा धर्म ठरला होता. तोच समाज, तीच छाती, आणि संस्कार कशाला म्हणायचं ते मात्र बरोबर उलटं.

त्रावणकोरमध्ये हेच जातीच्या हिशेबाने चालत असे. नाडर स्त्रियांनी कमरेच्या वर काही पांघरायचं नाही, कारण छाती उघडी ठेवणं ही वरच्या जातींसमोर दाखवायची अदब होती. नायर स्त्रियांनाही देवासमोर आणि नंबुद्री ब्राह्मणांसमोर उत्तरीय उतरवावं लागे. ख्रिस्ती झालेल्या नाडर स्त्रिया १८१० च्या दशकापासून कुप्पायम नावाचं जाकीट घालू लागल्या. त्यावरून बाजारात बायकांचे कपडे फाडले गेले, चर्च आणि शाळा जाळल्या गेल्या. चाळीसेक वर्षं चाललेल्या त्या लढ्याअंती, जुलै १८५९ मध्ये, राजाने अंग झाकायची परवानगी दिली. मात्र उच्चवर्णीय स्त्रिया घेतात त्या पद्धतीने वस्त्र घ्यायचं नाही, ही अट ठेवूनच.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे सोमालिया. ऑक्टोबर २००९ मध्ये रॉयटर्सने मोगादिशूच्या रहिवाशांच्या हवाल्याने बातमी दिली, की अल-शबाब या जहाल इस्लामी संघटनेचे बंदूकधारी ब्रा घातलेल्या स्त्रियांना भर रस्त्यात फटके मारत आहेत. कारण काय, तर ब्राने छाती आहे त्याहून उभार दिसते, म्हणजे ही फसवणूक, म्हणजे इस्लामविरोधी. संशय आला की बायकांना अंग हलवून दाखवायला लावत. एका ठिकाणी न घालणं पाप, दुसऱ्या ठिकाणी घालणं पाप! या सगळ्यांत समान काही असेल तर ते कापड नव्हे. स्वतःच्या छातीवर काय असावं हे ठरवणारी ती बाई नसावी, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

अर्थात स्त्रीने वस्त्र सोडल्याचं धर्माला कौतुक वाटल्याची उदाहरणंही आहेत. बाराव्या शतकातली शिवभक्त अक्कमहादेवी राजवाडा, नवरा आणि वस्त्रं सोडून केवळ केसांनी अंग झाकून कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला आली. तिथल्या अनुभवमंटपात, म्हणजे संतांच्या सभेत, अल्लमप्रभूंनी तिची उलटतपासणी घेतली. परंपरेने जपलेल्या त्या संवादात अल्लम तिला पेचात धरतात: सगळं सोडलंस, तर मग केसांचा आडोसा कशाला? आणि तिच्या उत्तराचा आशय असा, की तो माझ्यासाठी नाही, बघणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून आहे. तिला शरणांनी, म्हणजे तिथल्या शिवभक्तांनी, मानलं, अक्का म्हटलं. पण ते मिळायला तिला देहच ओलांडावा लागला. तिच्याकडे तिचा आराध्य शिव, चन्नमल्लिकार्जुन होता. उकडतंय म्हणून कपडा सोडला, असं ती म्हणाली असती तर मंटपात बसायला जागा मिळाली असती का, शंकाच आहे.

जैन परंपरेत तर या प्रश्नावर शतकानुशतकं रीतसर तर्कशास्त्र चाललं. दिगंबर पंथाचं म्हणणं असं, की वस्त्र हाही परिग्रह, म्हणजे जवळ बाळगलेली मालकी, आहे. तो सुटल्याखेरीज मोक्ष नाही, आणि स्त्रीला तो सोडता येत नाही, म्हणून या देहातून तिला मोक्ष नाही. दक्षिण महाराष्ट्रात कोल्हापूर-सांगलीकडे आजही नग्न मुनींच्या संघाबरोबर एकवस्त्रा आर्यिका, म्हणजे साध्वी, चालताना दिसतात. दोघांची तपश्चर्या तितकीच कडक, वाट मात्र तिची एका साडीपाशी अडलेली. श्वेतांबरांना हे मान्य नाही. त्यांच्या मते एकोणिसाव्या तीर्थंकर मल्ली या स्त्रीच होत्या. या दोहोंच्या मधला यापनीय पंथ आज उरलेला नाही. त्याचे आचार्य शाकटायन नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात होऊन गेले, आणि त्यांनी ‘स्त्रीनिर्वाणप्रकरण’ याच विषयावर लिहिलं. मुनीच्या हातातली मोरपिसांची पिंछी जशी परिग्रह नसून संयमाचं साधन आहे, तसंच स्त्रीचं वस्त्र, असा त्यांचा युक्तिवाद. वस्त्र तिला वासनेने चिकटलेलं नाही, लोकांमुळे वापरावं लागतं. मग त्याचा दोष तिच्या माथी कसा?

या वादात एक बाब दोन्ही पक्षांनी गृहीत धरली होती, आणि ती आजही टोचते. स्त्री निर्वस्त्र फिरली तर पुरुष काय करतील याची खात्री नाही, म्हणून ती वस्त्र सोडू शकत नाही. पुरुषाच्या वागण्याची किंमत स्त्रीच्या मोक्षातून वळती करायची, हा हिशेब शाकटायनांना पटला नाही. अकराशे वर्षं झाली, आता हिशेब मोक्षाऐवजी टी-शर्टाचा आहे.

बौद्ध विनयातली, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमग्रंथातली, गोष्ट याहून साधी आहे, आणि अधिक उपयोगाची. स्थळ श्रावस्ती. एक भिक्षुणी आतला छातीबंद न घालता गावात भिक्षेला गेली. वावटळ आली, वरचं चीवर उडालं. लोक ओरडले, बाईंचं अंग काय सुंदर आहे म्हणून. भिक्षुणी शरमली. गोष्ट बुद्धांपर्यंत गेली आणि नियम झाला: भिक्षुणीने संकच्चिका घातल्याशिवाय गावात शिरू नये. संकच्चिका म्हणजे गळ्याच्या हाडाखालून बेंबीच्या वरपर्यंतचं आतलं वस्त्र. भिक्षूला तीन चीवरं, भिक्षुणीला पाच. जास्तीच्या दोनांतलं एक हे, दुसरं आंघोळीचं. भिक्षुणींच्या पाचित्तियांतला हा ९६ वा नियम.

पहिल्या वाचनात हीही जुनीच कहाणी वाटते. ओरडले गावकरी, कपडा वाढला बाईचा. पण विनय हा वकिली बाण्याचा ग्रंथ आहे, बारकावे सोडत नाही. नियम गावापुरता आहे. विहाराच्या आत, आपसांत, तो लागू नाही. मोडला तर पाचित्तिय, म्हणजे दुसऱ्या भिक्षुणीपाशी कबुली दिली की संपलं. संघातून काढणं नाही, शिक्षा नाही, चारित्र्यावर शेरा नाही. आणि दोष कधी लागत नाही याची यादीही दिलेली आहे. वस्त्र चोरीला गेलं असेल, हरवलं असेल, लक्षात राहिलं नसेल, संकट असेल, आणि भिक्षुणी आजारी असेल तर दोष नाही. घर आणि बाहेर यांत फरक करणं, चूक किरकोळच मानणं आणि शरीराच्या तक्रारीला कारण म्हणून जागा देणं: हेमांगी कवींच्या पोस्टखाली शेरे मारणाऱ्यांना दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं एवढंही औदार्य जमलं नाही.

शिवाय त्याच विनयात भिक्षूंसाठी सेखिय, म्हणजे वागणुकीचे नियम आहेत, पंचाहत्तर. त्यांतला एक सांगतो, की वस्तीतून जाताना नजर खाली ठेवावी. म्हणजे व्यवस्था अशी होती, की तिने वस्त्र सांभाळायचं आणि त्याने डोळे. आपण अर्धा नियम उचलला आणि अर्धा गावकऱ्यांवर सोडून दिला. गीतेच्या सोळाव्या अध्यायातल्या दैवी संपत्तीतही लज्जा आहे, अहिंसा, सत्य, दया यांच्या पंगतीला बसलेली. ती सांगितली आहे अर्जुनाला, एका पुरुषाला, रणांगणावर. वाईट करायला धजू नये म्हणून आतून जो संकोच वाटतो, तो तिथे अभिप्रेत असणार. तो संकोच अनोळखी बाईच्या छातीकडे पाहून शेरा टाइप करणाऱ्या बोटांना व्हायला हवा होता. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून १९२७ पासून शेवटपर्यंत हेच लावून धरलं, की शरीरात अश्लील काही नसतं, असलंच तर ते बघणाऱ्याच्या मनात. त्यासाठी खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. तरीही कर्व्यांना दंड झाला.

पश्चिमेतही नुसत्या सुखाला जागा मिळाली नाही, तिथे ब्राचा झेंडा झाला. ७ सप्टेंबर १९६८ रोजी अटलांटिक सिटीत मिस अमेरिका स्पर्धेबाहेर स्त्रियांनी एका पिंपात टाचांचे बूट, फडकी, कॉर्सेट आणि ब्रा टाकल्या. पेटवलं काहीच नाही, तरी ‘ब्रा जाळणाऱ्या बायका’ हे नाव कायमचं चिकटलं. दक्षिण कोरियात गायिका-अभिनेत्री सुली हिने २०१९ मध्ये टीव्हीवर शांतपणे सांगितलं, की ब्राची तार आरोग्याला चांगली नाही, न घातल्याने आराम वाटतो, आणि तिच्या लेखी ब्रा हा हवी तेव्हा घालायची गोष्ट आहे. यासाठी तिने वर्षानुवर्षं शिव्या खाल्ल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात, पंचविसाव्या वर्षी तिचा मृत्यू झाला, आणि इंटरनेटवरच्या छळाबद्दल कोरिया हळहळला. पुढच्या वर्षी एमबीसी या वाहिनीची वृत्तनिवेदिका इम ह्यॉन-जू हिने ब्राशिवाय काम करून पाहिलं, आणि तीही बातमी झाली.

खरं तर झोंबतं ते बोंडांचं दिसणं. अमेरिकी तत्त्वज्ञ आयरिस मॅरियन यंग यांनी १९९० मध्ये स्तनांच्या अनुभवावर एक निबंध लिहिला, त्यात यावर बोट ठेवलं आहे. ब्रामध्ये स्तन एकाच ठरलेल्या आकाराची वस्तू होऊन बसतो. ती बघायला समाजाची हरकत नसते, उलट जाहिरातींचे फलक तिच्यावरच चालतात. ब्रा नसली की तो हलतो, कुशीवर वळलं की आकार बदलतो, थंडीत बोंड ताठ होतं. म्हणजे त्या छातीला स्वतःची संवेदना आहे, हे दिसतं. बघण्याच्या वस्तूला काहीतरी जाणवतंय, हे बघणाऱ्याला अडचणीचं होतं. ‘मला बरं वाटतं’ या कारणावर विश्वास का बसत नाही याचा उलगडा इथे होतो. ते मानायचं तर आधी हे मानावं लागतं, की त्या शरीरात राहणारं कुणीतरी आहे.

तरीही या चर्चेला मध्यमवर्गीय कुंपण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. घरी आल्यावर ब्रा काढायची तर आधी दार लागणारी खोली हवी. एका खोलीत सासू-सासरे, दीर आणि मुलं असतील, तर विहाराच्या आत आणि गावात हा फरक करायचा कुठे? कामावर जाणाऱ्या कितीजणी रात्रीदेखील ती घालूनच झोपतात, कारण पडद्यापलीकडे कुणीतरी झोपलेलं असतं. उलट बाजूला, एसटीने आठवडी बाजाराला निघालेली नऊवारीतली म्हातारी गाठीच्या चोळीत असते, शेतात खुरपणाऱ्या बाईच्या ब्लाऊजखाली बहुधा काही नसतं. त्यांना कुणी संस्कार विचारत नाही आणि बंडखोरही म्हणत नाही. त्यांना तेवढी मुभा आहे ती कुणी त्यांचं सुख मान्य केलं म्हणून नाही. त्यांच्याकडे त्या नजरेने पाहायचं कुणाच्या मनात येत नाही म्हणून. शहरातल्या वीस वर्षांच्या मुलीला तीच मुभा हवी आहे, पण म्हातारी किंवा गरीब न होता.